जुन्या शेतघराचा इतिहास कसा वाचावा

किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. गोठ्याचा इतिहास लिहिणारा विरळा. ह्यात नवल काही नाही. किल्ल्यावर लढाई होते, तह होतो, एखादा कैदी पळून जातो. गोठ्यात काय होते? गाय विते, बैल म्हातारा होतो, पावसात एक आढे खचते. बखरकाराला त्याचे काय! परंतु व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींपैकी किल्ला कोणाच्याच नावावर नाही. उलट गावी चार-दोन एकर रान, एखादी पडकी भिंत आणि सामाईक विहिरीत चार आण्यांचा हिस्सा एवढे मात्र पुष्कळांच्या नावावर आहे. वर्षातून एकदा जत्रेला जावे, कुलूप काढावे, धूळ पाहून हळहळावे आणि दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईची गाडी धरावी, हा आपला रिवाज. त्या पडक्या घराकडे आज आम्ही इतिहासाचा कागद म्हणून पाहणार आहोत.

शेतघरे प्रांतोप्रांती निराळी. कोकणातले घर वेगळे, वऱ्हाडातले वेगळे. म्हणून येथे पुणे जिल्ह्याच्या देशभागातील, म्हणजे पवना, भीमा, नीरा ह्या नद्यांच्या काठचे कुणब्याचे घर आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहे. कोणा एका घराण्याचे नाव घेत नाही; ज्याने त्याने आपले घर मनात धरावे.

काळी आणि पांढरी

देशावरच्या गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, विरघळलेल्या भिंतींची माती एकाच जागी साठत गेली म्हणजे तेथली माती भुरकट पांढरी होते. गावठाण भोवतालच्या रानापेक्षा उंचावर दिसते त्याचेही एक कारण हेच. पडलेल्या घरावर नवे घर आणि त्यावर आणखी नवे, असे थर बसत गेले.

आता पहिला प्रश्न असा, की शेतकरी आपल्या शेतात न राहता मैलभर दूर गावात का राहिला? रोजचे येणे-जाणे, औते खांद्यावर, बैल पुढे, भाकरी घेऊन मागाहून घरची बाई. हा खटाटोप कशासाठी? ह्याचे उत्तर गावकुसाच्या भिंतीत आहे. रानात एकट्याने राहणे जिवावरचे होते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची स्वारी पुण्यावर आली, तिच्या मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ पडला, आणि ह्या मुलखातील गावेच्या गावे ओस झाली. अशा काळात धान्य, गुरे आणि माणसे एका भिंतीच्या आत असणे हाच विमा होता. म्हणून जुने शेतघर गावात असते आणि शेतात फक्त विहीर, खळे, एखादे झाड आणि बांधावरचा म्हसोबा असतो. मळ्यातली वस्ती सामान्यतः अलीकडची. ती पाहिली की त्या भागात निर्धास्तपणा केव्हा आला आणि विहिरीच्या पाण्यावरची बागायत केव्हा वाढली, ह्याचा अंदाज बांधता येतो.

गावातील जमीनही जुन्या घराण्यांच्या नावांनी ओळखली जाई. मूळ कुटुंबाने धरलेल्या जमिनीच्या तुकड्याला थळ म्हणत, आणि अशा थळांच्या यादीला थळझाडा. एखादे घराणे निर्वंश झाले किंवा परागंदा झाले तर त्याची जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई. पण थळाला नाव मात्र त्याच घराण्याचे राही. आजही एखाद्या शेताला ज्या आडनावाने हाक मारतात, त्या आडनावाचे एकही घर गावात नसते. अशा वेळी ते नाव नुसते नाव समजू नये; एका गेलेल्या कुटुंबाची तेवढीच खूण राहिलेली असते.

घर

आता घरात जाऊ. बेताच्या कुणब्याचे घर म्हणजे दिंडी, आत अंगण, अंगणाच्या एका अंगाला गोठा, समोर सोपा, सोप्यामागे माजघर आणि त्यामागे अंधारी चूल. ही रचना वर्षानुवर्षे टिकली, कारण तिच्यातील प्रत्येक गोष्ट कामाची होती. गोठा दाराजवळ आणि माणसांच्या नजरेत. कारण बैल हीच घरातील सर्वांत मोलाची चीज आणि तीच चोराला हवी. माजघराला खिडकी नाही. कारण धान्य तेथे.

धान्याची जागा पाहिली की घराच्या मनातली भीती कळते. तुरीच्या किंवा निरगुडीच्या काड्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी ही रोजच्या खाण्याची. भिंतीच्या पोटात पोकळी ठेवून केलेले बळद हे बाहेरच्या माणसाला न दिसणारे. आणि जमिनीत खणलेले पेव हे दुष्काळाचे. पेवात ज्वारी भरून तोंड मातीने बंद केले, की ती काही वर्षे टिके. परंतु पेव उघडले म्हणजे कोंडलेली विषारी हवा आत असे. म्हणून आधी काही वेळ तोंड मोकळे ठेवीत, मग दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूस उतरवीत नसत. ज्याच्या घरी पेव, बळद आणि कणगी तिन्ही, ते घर एक-दोन वर्षांचा अवर्षणाचा फेरा सोसू शके. ज्याच्या घरी फक्त कणगी, त्याला जेठ लागताच सावकाराचा ओटा चढावा लागे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतपत्रे जाळली. त्या दंग्याची कारणे सरकारी अहवालात आहेतच, पण ती रिकाम्या बळदातही वाचता येतात. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्या दंग्यातूनच निघाला.

छपराकडे पाहावे. पश्चिमेकडे मावळात पाऊस दांडगा, म्हणून उतरते छप्पर; पूर्वेकडे पाऊस तोकडा, म्हणून माळवद. माळवद म्हणजे तुळयांवर कडीपाट, त्यावर काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीची जाड चोपण. उन्हाळ्यात घर थंड, रात्री निजायला गच्ची, आणि सुगीत मिरच्या-पापड वाळवायला जागा. ह्या मातीला मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी नवा हात द्यावा लागे. माणूस शहरात गेला, तो हात चुकला, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तुळई कुजली. आपल्या गावची पुष्कळ घरे अशीच पडली. त्यांना शत्रूने पाडले नाही, भूकंपानेही पाडले नाही. रोजगारासाठी शहराकडे निघालेल्या आगगाडीने पाडले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

छपरावरून घराचे वयही थोडेफार सांगता येते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये निघाला. तेव्हा घरावर मंगळुरी कौल असेल, तर निदान ते छप्पर तरी त्यानंतरचे. पन्हाळी पत्रा बहुधा त्याहून अलीकडचा. चपट्या, पातळ विटांची भिंत जुनी; जाड विटांची त्या मानाने नवी. एकाच भिंतीत खाली घडीव दगड, मध्ये पातळ वीट, वर कच्ची माती असे तीन थर दिसले, तर त्या घराने भरभराट पाहिली, पडझड पाहिली आणि पुढे हातात पैसा नसताना डागडुजी केली, हे ओळखावे.

गोठा आणि खळे

गोठ्यातील दावण मोजावी. किती खुंटे, किती गव्हाणी, ह्यावरून त्या घराची शेती किती होती हे कळते. हा आमचा तर्क नव्हे. सरकारनेही जमीन ह्याच मापाने कापली. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मोजणीची नवी पद्धत सुरू केली. तिच्यात सर्व्हे नंबराचा आकार ठरविताना एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र हे मान धरले होते. म्हणजे आपल्या उताऱ्यावर आज जो नंबर आहे, त्याच्या मुळाशी एक बैलजोडी उभी आहे.

पण एक जोडी म्हणजे पुरी शेती नव्हे. काळ्या भारी जमिनीत जुना लाकडी नांगर ओढायला तीन-चार जोड्या लागत. ज्याच्या गोठ्यात दोनच बैल, त्याने शेजाऱ्याशी सावड करावी: आज तुझे रान, उद्या माझे. म्हणून गोठा हा एका घराचा असला, तरी नांगरट चार घरांची असे, आणि भाऊबंदकी कितीही तापली तरी नांगराच्या दिवसांत बोलणे ठेवावेच लागे.

खळे ही इमारत नव्हे, तरीही शेतघराच्या इतिहासात तिचा मान मोठा आहे. जमीन चोपून, सारवून केलेला हा वाटोळा ओटा. मध्यभागी तिवडा, त्याभोवती बैलांची पात फिरे. मळणी झाली, वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उफणणी झाली, की रास पडे. ह्याच राशीतून सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, महार, मांग आपापले बलुते नेत. गावगाड्याचा सारा हिशेब खळ्यावर चुकता होई.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बलुते खळ्यावर मिळे, सोप्यावर नव्हे. कोणी दिंडीशी थांबायचे, कोणी अंगणात यायचे, कोणी ओटा चढायचा आणि कोणाला गावकुसाच्या आतच घर बांधता यायचे नाही, हे सगळे त्या वास्तूच्या पायऱ्यांत कोरलेले होते. ज्या भिंतीने एकाचे धान्य राखले, तिनेच दुसऱ्याला बाहेर ठेवले. महार वतनाच्या नावाखाली अपुऱ्या मोबदल्यावर राबणूक चाले. तिच्यात सुधारणा व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने जाण्यास मात्र १९५८ उजाडावे लागले. जुन्या घराचे कौतुक करताना त्याच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हे विसरता कामा नये.

वाटणी

आता ह्या साऱ्याचे पुढे काय झाले? एका वाक्यात सांगायचे तर वाटण्या झाल्या. ह्याचे आमच्या माहितीतील सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्याच्या अगदी जवळचे आहे. पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ह्यांनी केली आणि १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जुनी दप्तरे आणि नवी मोजणी ताडून त्यांनी असे दाखविले, की १७७१ मध्ये, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत, ह्या गावी एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. त्या वेळी गावात १५६ खातेदार आणि जमिनीचे ७२९ तुकडे होते. त्यांतील ४६३ तुकडे एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आतले.

हे आकडे नीट ध्यानात घ्यावेत. जमीन कमी झाली नव्हती, नदीने ती खाल्ली नव्हती. पाच-सहा पिढ्यांत माणसे वाढली आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीत वाटा हवा झाला: थोडी काळी, थोडी माळाची, थोडी विहिरीखालची. न्यायाला न्याय झाला, परंतु नांगर वळवायला जागा राहिली नाही. दहा गुंठ्यांच्या पट्टीत चार बैलांचा नांगर वळणार कसा? १९४७ मध्ये मुंबई सरकारने तुकडेबंदी आणि तुकडेजोड यांचा कायदा केला तो ह्याच दुखण्यावर. कागदावरचे तुकडे त्याने काही प्रमाणात थांबविले. तोंडी वाटण्या चालूच राहिल्या.

जमिनीचे जे झाले तेच घराचे. आमच्या स्वतःच्या घरी माजघराच्या मधोमध एक भिंत होती. लहानपणी ती भिंत जन्मापासून तेथेच असावी असे आम्ही धरून चाललो होतो. पुढे मोठेपणी ध्यानात आले, की तिने एक कोनाडा बरोबर मधोमध कापला आहे: अर्धा आमचा, अर्धा चुलत्यांचा. देवघर त्यांच्याकडे गेले, चूल आमच्याकडे. सणाच्या दिवशी नैवेद्य आमच्या चुलीवर शिजायचा आणि भिंतीला वळसा घालून, अंगणातून, देवापुढे जायचा. वाटणीपत्रात ह्या वळशाचा उल्लेख नाही; पण तो वळसा चालत गेलेल्या बायकांना वाटणी म्हणजे काय ते कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विहीर

ह्या सगळ्या वाटपात एकच गोष्ट वाटता आली नाही, ती म्हणजे विहीर. रान कापता येते, घरात भिंत घालता येते, आंब्याच्या झाडाच्याही फांद्या वाटून घेणारे भाऊ असतात. विहिरीत मात्र रेघ ओढता येत नाही. म्हणून पाणी वेळेने वाटले. चार भावांची विहीर असेल तर प्रत्येकाची दोन-दोन दिवसांची पाळी. उताऱ्यावर हिस्सा चार आणे. मोट, नाडा-सौंदर ज्याचे त्याचे, पण धाव सामाईक, थारोळे सामाईक आणि विहिरीतला गाळ काढण्याचा खर्चही सामाईक. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जात आणि मागे येत, ती धाव आजही पुष्कळ मळ्यांत ओळखू येते. विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पाडलेल्या खाचाही दिसतात. त्या खाचा जेवढ्या खोल तेवढ्या पिढ्या तेथे राबल्या.

मग तेलावरचे इंजिन आले, पुढे विजेची मोटार आली. मोट गेली आणि पाळी दिवसांची होती ती तासांची झाली. धावेचे काम संपले. तिच्यावर बाभळी उगवल्या. पण सामाईकपणा राहिला, आणि म्हणून भांडणेही राहिली. आमच्या समजुतीप्रमाणे जुन्या शेतघराचा सगळा इतिहास ह्या दोन गोष्टींत आहे: काय वाटता आले आणि काय वाटता आले नाही. जे वाटता आले ते झिजत झिजत संपले. जे वाटता आले नाही त्याने माणसांना, मनात असो वा नसो, एकत्र बांधून ठेवले.

कागद

कागदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भिंत आणि कागद एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. गावच्या सात-बाराला आपण फार मान देतो. सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा: एकात हक्क, दुसऱ्यात पीक. आता तो घरबसल्या फोनवरही पाहता येतो. त्याच्या मागे फेरफाराच्या नोंदी, त्यांच्या मागे मोजणीचे नकाशे, आणि त्याहून मागे मोडीतील वाटणीपत्रे, महजर, खरेदीखते. पुण्याच्या पेशवे दप्तरात गावोगावचे असे कागद आहेत.

परंतु कागदही सारे सांगत नाही. उताऱ्यावर कित्येक पिढ्या मुलींची नावे नव्हती. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सबंध देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. त्याआधी जिने लग्नानंतर चाळीस वर्षे ते घर सारवले, तिचे नाव त्या घराच्या कागदात पुष्कळदा विधवा म्हणूनच पहिल्यांदा येते. तसेच सालगड्याचे आणि कुळाचे. १ एप्रिल १९५७ ह्या कृषक दिनाने, प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि अनेक शेतांचा इतिहास एका घरातून दुसऱ्या घरात गेला. शहरात राहणाऱ्या जुन्या मालकांच्या घरी ह्याचे दुःख अजून ऐकू येते. आम्ही त्यांना एवढेच विचारू, की त्या शेताच्या बांधावर तुम्ही शेवटचे कधी उभे राहिला होता?

आता काय करावे

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरात आहे. जेथे दहा गुंठ्यांची पट्टी नांगराला पुरत नव्हती, तेथे दहा गुंठ्यांवर बहुमजली इमारत उभी राहते, आणि मान साहेबांच्या पाहणीतील शेते नकाशावरच शोधावी लागतात. त्या गावाचे भाग्य एवढेच, की कोणीतरी वेळेवर मोजून ठेवले. बाकीच्या गावांत मोजायला कोणी आले नाही.

जुने घर पाडू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याला तेथे राहायचे आहे त्याला पक्के, उजेडाचे, नळाचे घर हवे, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. आमचे मागणे फार लहान आहे. पाडण्यापूर्वी एक दिवस द्यावा. घराचा नकाशा साध्या कागदावर काढावा: गोठा कोठे, चूल कोठे, बळद कोठे, वाटणीची भिंत कोणती. छायाचित्रे घ्यावीत. मोडी कागद पेटीत असतील तर जाणत्याकडून वाचवून घ्यावेत. घरातील सर्वांत वडील बाईला विचारावे, कारण पेव कोठे होते, कोणत्या दुष्काळात काय विकले आणि खळ्यावर कोण कोण येत असे, हे तिला ठाऊक असते. आणि सालाने राबलेल्या माणसाच्या घरीही जाऊन तेच विचारावे, कारण त्याच्या आठवणीतले घर निराळे असेल.

सुट्टी लागली आहे. ह्या खेपेला गावी गेलात म्हणजे कुलूप काढल्यावर आधी एक टेप बरोबर घ्या आणि माजघराची ती मधली भिंत मोजा. ती कोणत्या साली बांधली, कोणी बांधली, आणि त्या रात्री घरात कोण जेवले नाही, हे सांगणारे माणूस अजून हयात असेल, तर त्याच्याजवळ तास-दोन तास बसा.